थोरलीचा मणी

द्वारकाबाईला सवत होती, आणि ती मेलेली होती. जिवंत सवतीशी भांडता येतं, तिच्या कालवणाला नावं ठेवता येतात, आणि मुख्य म्हणजे ती आपल्याबरोबर म्हातारी होते. पदमीननं यातली एकही सोय ठेवली नव्हती. नऊ दिवसांच्या तापात ती गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्याला बत्तीस वर्षं झाली. मधल्या काळात द्वारकाबाईचे गुडघे बोलायला लागले, दोन दाढा गेल्या, चष्मा आला. पदमीन एकोणिसाची ती एकोणिसाचीच राहिली.

आणि राहायला होती द्वारकाबाईच्याच गळ्यात.

बिजवराशी लग्न लागलेल्या बाईनं पहिलीच्या नावाची सोन्याची पुतळी गळ्यात घालायची, ही रीत कनेरगाव नाक्याच्या आसपास कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बोटाच्या पेराएवढं चपटं पान, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. तिला नाक-डोळे असतात, पण ते सगळ्यांच्या सवतींना सारखेच असतात. नवं लुगडं आधी पुतळीला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास पुतळीला दाखवायचा, मग आपण खायचा. द्वारकाबाईनं हे सगळं तक्रार न करता केलं. म्हणजे, ऐकू येईल अशी तक्रार केली नाही.

खरं दुखणं मण्यांचं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी झुबे करून घेतले, आणि आठवडाभरात तापानं आडवी झाली. किती दिवस पडून होती हे तिला आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा गळ्यातल्या पुतळीशेजारी सोन्याचा एक मणी होता आणि उशाशी सासूबाई होत्या.

"थोरली रुसली होती," सासूबाई म्हणाल्या. "तू कान भरलेस, तिला काईच न्हाई. आता मणी घातला तवा उतरला ताप. याच्यापुढं ध्यानात ठेव. तुला दागिना, तिला मणी."

त्या आठवड्यात हिंगोलीच्या डॉक्टरांनी सलाईनच्या सात बाटल्या चढवल्या होत्या. पण डॉक्टरांचा मान कुणी गळ्यात घालत नाही.

तेव्हापासून तोच नियम. सासूबाई गेल्या तरी नियम गेला नाही, कारण तो उकंडरावांनी पहिल्यापासूनच उचलला होता. उकंडराव म्हणजे द्वारकाबाईचा नवरा, आणि पदमीनचाही. मोजकं बोलणारा माणूस. हळदीला किती भाव आला हेसुद्धा घरच्यांना शेजाऱ्यांकडून कळायचं. पण द्वारकाबाई सराफाकडून परत आली, की पायरीवरच एक प्रश्न ठरलेला असायचा.

"मणी घेतला का?"

दागिना कसा झाला, हे नाही. दाखव बरं, हे नाही. मणी घेतला का. तीस वर्षं.

आता द्वारकाबाईचा संग्रह काही ऐरागैरा नव्हता. गावातल्या इतर बायका सोनं तोळ्यावर घेत. द्वारकाबाई कारणावर घेई. बोअरला पाणी लागलं त्या सालची बोरमाळ. मुलगा रुद्र झाला तेव्हाच्या पाटल्या. ग्रामसभेत उभी राहून नळाच्या पाण्यावरून तिनं सरपंचाला गप्प केलं, त्या दिवसाची अंगठी. सासूबाईंनी घराच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या तेव्हाची एकदाणी. खरं म्हणजे किल्ल्या सासूबाईंच्या हातून पडल्या आणि हिनं उचलल्या, पण एकदाणी झाली ती झाली. एकेक दागिना म्हणजे तिच्या आयुष्यातलं एकेक पान होतं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पदमीन येऊन बसली होती. बोअर मारताना ती कुठं होती? रुद्रच्या वेळी कळा कुणी सोसल्या? सरपंचाशी कोण भांडलं? मणी मात्र हिचा.

असे सोळा मणी झाले. आणि तकलीफ अशी, की माळ देखणी झाली. मधोमध पुतळी, दोन्हीकडं आठ-आठ मणी. लग्नाकार्यात बायका बोरमाळ ओलांडून, एकदाणी ओलांडून थेट त्या माळेला हात घालत आणि म्हणत, "काय बाई नशीब थोरलीचं!"

मग सुनेनं त्या नशिबाचा व्हिडिओ काढला.

सून म्हणजे रुद्रची बायको, कोमल. मोबाईलवर तिचं साड्यांचं एक चॅनेल होतं आणि उन्हाळ्यात साड्या थंड पडल्या होत्या. "आई, आजकाल निसतं सोनं चालत न्हाई," ती म्हणाली. "लोकं विचारतात, याच्यामागं अर्थ काय. तुमी एकेक दागिना हातात घ्या अन् त्याची गोष्ट सांगा."

"अर्थाला काय तोटा," द्वारकाबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच हा प्रश्न तिला कुणी विचारला होता. ती काठापदराचं नेसून ओट्यावर बसली आणि सव्वा तास बोलली. बोअर, कळा, सरपंच, किल्ल्या, सगळं आलं. शेवटी कोमलनं सहज विचारलं, "अन् ही माळ?" त्यावर द्वारकाबाईनं दोन वाक्यांत उरकलं.

कोमलनं सव्वा तासातली दोन मिनिटं ठेवली. ती दोन वाक्यं त्यात पूर्ण होती.

दुसऱ्या दिवशी कोमल आनंदानं खाली लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवू लागली. "पदमीनताईंना नमन. पदमीनमातेला कोटी कोटी प्रणाम. माळ कुठं मिळेल, भाव कळवा. अन् आई, हे बघा, पुण्याच्या एका बाईंनी लिवलंय. पहिल्या पत्नीवर तीस वर्षं असं प्रेम करणारा नवरा आज दुर्मीळ आहे."

"सरपंचाचं कुणी काई लिवलं का?" द्वारकाबाईनं विचारलं.

"ते कापलं आई. लांबून राहिलं होतं."

द्वारकाबाई उठली आणि आत जाऊन उगाच पातेली घासू लागली. घासलेलीच होती. दुर्मीळ नवरा त्या वेळी ओट्यावर बसून पायातला काटा काढत होता. त्याच्याकडं बघून तिच्या मनात आलं, की बाई, तू दीड वर्षं नांदलीस. मी एकतीस वर्षं याचे पाय चेपले, याचं घोरणं ऐकलं, याच्या मायचं केलं. आणि प्रणाम तुला.

त्याच आठवड्यात हळद विकली गेली आणि उकंडराव म्हणाले, "कर काईतरी तुला." द्वारकाबाईनं मनाशी ठरवलं. आता एक दागिना असा करायचा, की ज्यात पदमीनचा गुंजभरही वाटा नसेल. कारण काय तर कारण नाही. तिच्या एकटीचा, हेच कारण. सोळा कारणांचे दागिने होऊनही एकही पुरता आपला झाला नाही, मग कारणं तरी काय कामाची?

बेत फक्त चाँदबीला सांगितला. चाँदबी दोन घरं सोडून राहायची आणि गावातल्या बायकांच्या पोती, डोरली, माळा रेशमात गाठून द्यायची. थोरलीची माळ तिनंच ओवलेली, त्यामुळं या प्रकरणात ती पहिल्यापासून गुंतलेली होती.

"तिला घेऊनच जाशील गळ्यात, अन् तिच्यासमोरच तिचा मणी बुडवशील?" चाँदबी म्हणाली. "काय हिंमत हाये गं."

हा विचार द्वारकाबाईला सुचला नव्हता. सकाळी निघताना तिनं माळ काढली आणि कुठं ठेवावी ते न सुचून तूरडाळीच्या डब्यात, डाळीत खोल पुरली. वर झाकण लावलं. झाकणावर पाटा ठेवला.

"पाटा काहून?" चाँदबीनं विचारलं.

"असू दे."

"मेलेल्या बाईला डाळीत कोंडून निघालीस. या अल्ला."

हिंगोलीला पूनमचंदचं दुकान त्याच्या वडिलांपासून ठरलेलं. त्यानं ठुश्यांचा ट्रे पुढं केला आणि बोलता बोलता, सवयीनं, मागं न बघता मण्यांच्या डबीतून एक मणी काढून लाल कागदावर ठेवला.

"हा कशाला?" द्वारकाबाई म्हणाली.

"थोरल्या बाईंचा."

"आज त्यांचं काई न्हाई."

पूनमचंदनं मान वर केली. तिच्या गळ्याकडं बघितलं. पुतळीच्या जागी एकतीस वर्षं ऊन न लागलेला एक गोरा ठिपका तेवढा होता.

"कुठं हायेत?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं. "बऱ्या हायेत ना?"

"घरी हायेत," चाँदबी म्हणाली. "डाळीत."

पूनमचंदनं मणी उचलून परत डबीत टाकला, पण डबी मिटली नाही. द्वारकाबाईनं ठुशी निवडली. लहान दाण्यांची, गळ्याला घट्ट बसणारी. आरशात बघितलं. आरशात एकच बाई होती. तिला इतकं बरं वाटलं की परतीच्या रिक्षात ती कनेरगाव नाका येईपर्यंत बोलत होती आणि नाक्यावरच्या धाब्यावर तिनं चाँदबीला दोनदा चहा पाजला.

"जळत होतीस तवा बरी होतीस," चाँदबी म्हणाली. "गप्प तरी राहत होतीस."

उकंडराव त्या दिवशी पायरीवर नव्हते, शेतात होते. घरातली नवी गोष्ट त्यांना दिसायला साधारण तीन दिवस लागत. भिंतींना रंग दिला तेव्हा पाच लागले होते. त्यामुळं द्वारकाबाई निर्धास्त होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांना भाकर वाढायला वाकली, आणि उकंडरावांचा घास हातातच थांबला.

"मणी घेतला का?"

"न्हाई."

"इसरली?"

"इसरली न्हाई. घेतला न्हाई."

उकंडरावांनी घास ताटात ठेवला. "पुतळी कुठं हाये?"

"डाळीत."

पुढं काय बोलावं याची तिनं तयारी केली होती. सरपंचाच्या वेळेपेक्षा जास्त केली होती. पण उकंडराव उठले, हात धुतले आणि मोटारसायकल काढली. डोक्याला रुमालसुद्धा बांधला नाही. मे महिना, बाराचं ऊन, कुत्री गटाराबाहेर यायला तयार नाहीत, आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस अर्धी भाकर टाकून हिंगोलीच्या रस्त्याला लागला.

द्वारकाबाई दारात बघत राहिली. मग तिच्या अंगाचा असा भडका उडाला, की ठुशी गळ्याला चटका देते की काय असं तिला वाटलं. रुद्र झाला तेव्हा दवाखान्यात हा माणूस बैलं बांधून, दूध घालून, सावकाश आला होता. माझा हात मोडला तेव्हा म्हणाला, "बसनं जाऊ, ऊन लई हाये." आणि तिचा एक मणी चुकला तर रुमाल न बांधता!

ठुशीला गोंडा लावायचा म्हणून चाँदबी आली, तिनं उरलेलं ताट बघितलं. सगळं ऐकून घेतलं.

"माझा नवरा महेबूब असा निघाला असता," ती म्हणाली, "तर मी बराबर मागून दुसरी गाडी घेऊन गेले असते. अन् वाटेतच धरलं असतं."

"मला गाडी येत न्हाई."

"म्हणून तर तुझं असं झालं."

चारच्या सुमाराला मोटारसायकल आली. उकंडराव लाल झाले होते. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून द्वारकाबाईच्या हातात ठेवली. आत मणी होता. सतरावा. मग दुसऱ्या खिशातून त्यांनी एक लांबट डबी काढली आणि तीही दिली.

"हे काय?"

"थर्मामीटर. लाव."

"मला काय झालंय?"

"लाव म्हन्लं ना."

"जीव तिच्यावर अन् ताप माझा मोजता?" द्वारकाबाईचा आवाज चढला. ओट्यावर चाँदबी होती, आत कोमल होती, तिनं कुणाचीच पर्वा केली नाही. "तीस वर्षं ऐकून राहिले मी! मणी घेतला का, मणी घेतला का! एकदा तरी इचारलं का, द्वारके, तुला शोभतंय का? एवढा जीव होता तिच्यात, तर मला कशाला आणलं? पुतळीशीच नांदायचं होतं!"

उकंडराव खाली बसले. इतकं बोलायची वेळ त्यांच्यावर पूर्वी आली नव्हती, त्यामुळं सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळेना.

"तुला ताप आल्ता," ते म्हणाले.

"कवा?"

"झुबे केले तवा. तिला नवव्या दिशी... ती नवव्या दिशी गेली. तुझा आठवा चालू होता. माय म्हन्ली, थोरलीला काई दिलं न्हाई म्हणून न्यायला आलीय. मी रातोरात सायकलवर पूनमचंदच्या बापाला उठवलं. मणी आणून तुझ्या गळ्यात मीच बांधला. नवव्या दिशी तू पाणी मागितलं."

द्वारकाबाईनं थर्मामीटरची डबी खाली ठेवली.

"एक गेल्ती," उकंडराव म्हणाले. "दुसरी बी गेली असती तर मी काय केलं असतं? तवापासून इचारतो. मला काय करायचा मणी. तू नवं सोनं घालून येती, अन् माझ्या पोटात नऊ दिस गोळा असतो. दहाव्या दिशी जातो."

चाँदबीच्या हातातलं रेशीम सुटलं. आतून कोमलनं नाक ओढल्याचा आवाज आला. ती दाराआड मोबाईल धरून उभी होती, पण इतकी रडत होती की चित्रीकरण सगळं फरशीचं झालं.

द्वारकाबाईनं मुठीतला मणी बघितला. सोळा आणि एक. सगळे तिचेच होते तर. तिच्या जिवासाठी, तिच्या नवऱ्यानं, भीतीनं मोजलेले. तीस वर्षं ती स्वतःच्याच दागिन्यावर जळत होती. यावर बाईनं विरघळायला हवं होतं, आणि ती थोडी विरघळलीही. पण मत्सर इतकी वर्षं जोपासला, की त्याला एकदम घराबाहेर काढता येत नाही. एका गोष्टीची तिला पक्की खात्री करून घ्यायची होती.

"म्हणजे तिची आठवण येत न्हाई तुमाला?"

"न्हाई."

"खरं सांगा. कशी दिसायची?"

उकंडरावांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. कपाळाला आठ्या पडल्या.

"न्हाई ध्यानात," शेवटी ते म्हणाले. "गोरी होती का काय की."

"गोरी?" द्वारकाबाई उभीच राहिली. "सावळी होती ती! सावळी! दीड वर्ष संसार केला अन् गोरी म्हणता? लाज न्हाई वाटत?"

"तुला काय ठाऊक?"

"मला न्हाई तर कुणाला ठाऊक असणार?"

आणि ते खरं होतं. थोरलीच्या माहेरानं धाकटीला लेक मानायचं, हीही त्याच रीतीतली बाब. दर आखाजीच्या सणाला द्वारकाबाई साखऱ्याला पदमीनच्या माहेरी जाई. तिथं पदमीनची धाकटी बहीण नर्मदाबाई होती. माहेरपणाला म्हणून जायचं आणि चार दिवस खोदून खोदून सवतीची चौकशी करायची, हा तिचा एकतीस वर्षांचा उद्योग. कुठं खोट सापडते का बघायला ती जाई, आणि दरवेळी पदमीनचा आणखी एखादा तुकडा घेऊन येई. तिनं दागिने जमवले नसतील एवढ्या निगुतीनं हे सगळं जमवलं होतं.

"डावखुरी होती," ती उकंडरावांना सुनावू लागली. "डाव्या हातानं भाकर थापायची म्हणून तुमची माय बोलायची तिला. पुढच्या दोन दातांत फट होती. त्या फटीतून शीळ घालायची, अन् बैलं वळायची. पोहायला येत होतं. शिरड शहापूरच्या जत्रेत पाळण्यात बसली अन् खाली उतरेना, तवा पाळणेवाल्यानं तुमाला वर बोलावलं. तुमी घाबरून ओकलात. हे बी ध्यानात न्हाई?"

"ओकलो व्हय," उकंडराव हळूच म्हणाले. "खरंच की. पाळणा."

"मग? तिच्या नावानं माळ घातली मी गळ्यात. सोळा मणी वाहिले. अन् तुमच्या ध्यानात तोंड बी न्हाई! मग मी इतकी वर्षं जळले ते कुणावर?"

चाँदबीनं तोंडाला पदर लावला.

द्वारकाबाई आत गेली, पाटा बाजूला केला, डाळीतून माळ उपसली आणि झटकली. मग ओट्यावर येऊन चाँदबीसमोर बसली. सतरावा मणी तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "हा माझ्या ठुशीच्या गोंड्यात गाठ. हा त्यांनी आणलाय. उन्हात जाऊन, माझ्यासाठी. याच्यात तिचा काई संबंध न्हाई."

"अन् ते सोळा?"

द्वारकाबाईनं माळ तळहातावर तोलली. "राहू दे तिच्यापाशी. वापरलेले हायेत."

चाँदबी रेशीम पिळू लागली. उकंडरावांनी गार झालेली अर्धी भाकर आणवली आणि खायला बसले. दोन घास खाल्ले, तिसरा हातात धरून थांबले.

"अन् शीळ कशी घालायची ती?" त्यांनी विचारलं. "लांब का आखूड?"

"आधी लांब, मग दोन आखूड."

"मग बैलं वळायची?"

"वळायची."

उकंडराव घास हातात तसाच धरून लांब शेताकडं बघू लागले. चेहऱ्यावर असं काहीतरी आलं होतं, की जे द्वारकाबाईनं एकतीस वर्षांत बघितलं नव्हतं. ओठांचा थोडा चंबू झाला होता.

"आणि काय करायची?" त्यांनी विचारलं.

"काई न्हाई," द्वारकाबाई ताट ओढून घेत म्हणाली. "गोरी होती, तेवढंच ध्यानात ठेवा."